फक्त १८ गाड्या: रोल्स रॉयस फँटम फोरचं प्रकरण

रोल्स रॉयसने १९५० ते १९५६ या काळात फँटम फोर नावाच्या गाड्या बनवल्या १८. अठराशे नाही, अठरा. त्यातली एक तर कारखान्यात सामान वाहायला वापरलेला पिकअप होता, म्हणजे माणसं बसवायच्या गाड्या सतराच. त्या कंपनीच्या गाड्यांच्या इतिहासात एवढं कमी उत्पादन झालेली फँटम दुसरी नाही. आणि "का?" असं विचारलं की सगळीकडे एकच ठरलेलं उत्तर मिळतं की ती फक्त राजेमहाराजे आणि राष्ट्रप्रमुखांसाठीच होती. हे उत्तर खोटं नाहीये, पण अर्धवट आहे, कारण हा नियम आधी ठरला आणि मग गाडी बनली असं झालेलंच नाही. आधी एक ऑर्डर आली, ती पुरी करायला घरात जे पडलं होतं त्यातून गाडी उभी केली, आणि मग नियम जन्माला आला. तोही सोयीप्रमाणे वाकला. तेच सगळं क्रमाने बघू.

आधी परिस्थिती काय होती ते. १९३६ ते १९३९ मध्ये कंपनी फँटम थ्री विकत होती, बारा सिलिंडरचं इंजिन, ७.३ लिटर, सातशेच्या वर गाड्या बनल्या. आपल्याकडच्या संस्थानिकांनीही ती हौसेने घेतली. पण ती गाडी म्हणजे मेकॅनिकच्या डोक्याला ताप होती, तिच्या टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला, एकदम स्वच्छ तेल लागायचं, जरा कचरा गेला की बोंब. मग युद्ध आलं. डर्बीचा कारखाना विमानाच्या इंजिनांत गुंतला आणि युद्ध संपल्यावर मोटारींचं सगळं बिऱ्हाड क्रू या गावात गेलं, जिथे युद्धात विमानांची मर्लिन इंजिनं बनत होती. १९४६ ला तिथून सिल्व्हर रेथ आणि बेंटली मार्क सिक्स निघायला लागल्या. फँटम मात्र नाही. आणि ते बरोबरच होतं म्हणा. ब्रिटनमध्ये पोलाद वाटपाने मिळायचं, आणि तेही निर्यात किती करता ते बघून, पेट्रोलचं रेशनिंग १९५० च्या मे पर्यंत चालू होतं, आणि हजार पौंडांच्या वरच्या गाडीवर खरेदी कर होता ६६ टक्क्यांहून जास्त. अशा देशात अठरा फुटी गाडी कोण विकायला काढेल? शिवाय कंपनीचं खरं लक्ष तोपर्यंत जेट इंजिनांकडे लागलेलं, मोटारी म्हणजे धाकटं भावंड झालेलं होतं.

आता इंजिनाची गोष्ट, कारण या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे आणि मला तरी सगळ्यात जास्त मजा त्याचीच वाटते.

डर्बीजवळ बेल्पर नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे क्लॅन फाउंड्री म्हणून एक जुनी ओतशाळा होती. युद्धाच्या काळात रोल्स रॉयसचा मोटारींचा प्रयोग विभाग तिकडे हलवला होता, प्रमुख होते डब्ल्यू. ए. रोबोथम. याच लोकांनी विमानाच्या मर्लिन इंजिनावरून रणगाड्याचं मीटिअर इंजिन काढलं. ते मीटिअर पुढे सेंच्युरियन रणगाड्यात बसलं, आणि ते सेंच्युरियन १९६५ ला आपल्या लष्कराने पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे केले, म्हणजे या फाउंड्रीचा आपल्याशी संबंध अगदीच नाही असं नाही. तर या रोबोथम मंडळींच्या डोक्यात युद्धाच्या आधीपासून एक विचार घोळत होता की प्रत्येक मॉडेलला वेगळं इंजिन वेगळे पार्ट हा उद्योग बंद करायचा. एकाच घराण्यातली तीन इंजिनं करायची, चार सिलिंडरचं, सहाचं आणि आठचं, पिस्टन व्हॉल्व्ह वगैरे जमेल तेवढं सारखं. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी साडेतीन इंच, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव साडेचार इंच, तिघांनाही तोच. चारचं झालं २.८ लिटर, सहाचं ४.२५ लिटर, आठचं ५.६७ लिटर. नावं ठेवली बी ४०, बी ६०, बी ८०. सिल्व्हर रेथ आणि बेंटलीत गेलं ते या सहा सिलिंडरवाल्याचं मोटारीसाठीचं रूप.

आठवाल्याला मोटारीत काही कामच नव्हतं! ते लष्कराकडे गेलं. पुढे अल्विस कंपनीच्या सॅरासेन आणि सॅलडिन या चिलखती गाड्यांत ते बसलं, डेनिसच्या आगीच्या बंबात बसलं. हे जरा थांबून लक्षात घ्या, कारण ब्रिटनच्या राणीच्या गाडीच्या बोनेटखाली जे इंजिन होतं त्याचंच सख्खं भावंड गावोगावच्या बंबांत घरघरत होतं. नुसतं "दिसायला सारखं" नाही, बोअर स्ट्रोक तोच, रचना तीच, आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या बाजूला. ही रचना तेव्हाही जुनीच म्हणायची, पण टिकाऊ, शांत, आणि कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ देणारी. रोल्स रॉयसच्या अख्ख्या इतिहासात एका रांगेत आठ सिलिंडर असलेली विक्रीची मोटार फँटम फोर हीच एक.

तर बेल्परवाल्यांनी काय केलं, गंमत म्हणून म्हणा की प्रयोग म्हणून म्हणा, हे आठ सिलिंडरचं धूड प्रयोगाच्या एका बेंटलीच्या चासीत म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात कोंबलं. सहावाल्यासाठी बनवलेल्या गाडीत आठवालं, म्हणजे ती काय पळाली असेल. तिला नाव पडलं स्कॉल्डेड कॅट, म्हणजे अंगावर कढत पाणी पडलेली मांजर. असं सांगतात की ही मांजर ड्यूक ऑफ एडिंबरा म्हणजे प्रिन्स फिलिप यांच्या हातात चालवायला आली आणि साहेब खूश झाले. नौदलातला माणूस, यंत्रांची आवड, स्वतः गाडी चालवायचा शौक. तोपर्यंत राजकन्या एलिझाबेथशी लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि दोघांना समारंभाला शोभेल अशी एक मोठी गाडी हवी होती. १९४८ च्या अखेरीला ऑर्डर आली.

आता इथे दुसरं पात्र येतं, डेमलर कंपनी. १९०० सालापासून ब्रिटिश राजघराण्याच्या अधिकृत गाड्या डेमलरच्या. पन्नास वर्षांचं वतन. १९४७ च्या लग्नात राजकन्येला हवाई दलाकडून जी गाडी आहेर म्हणून मिळाली तीही डेमलरच. आणि डेमलरकडे युद्धानंतर डीई ३६ नावाची एका रांगेत आठ सिलिंडरचीच मोठी लिमोझिन विकायला हजर होती, ५.४६ लिटरची. म्हणजे राजवाड्याला दुसरीकडे जायची काही गरज नव्हती. तरी ते गेले. रोल्स रॉयसच्या लोकांना हे काय चालून आलंय ते नक्की कळलं असणार, कारण त्यांनी या एका गाडीसाठी जी धडपड केली ती एका गाडीच्या किमतीसाठी कोणी करत नाही.

चासी घेतली सिल्व्हर रेथच्या धर्तीची, पण जास्त भक्कम आणि लांब. सिल्व्हर रेथचा व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १२७ इंच, हिचा १४५ इंच, म्हणजे सरळ दीड फूट वाढवला. सुरुवातीची जोडणी क्रूच्या लाइनवर झालीच नाही, बेल्परच्या त्या फाउंड्रीत झाली. बाहेर बातमी फुटू नये म्हणून गाडीला कारखान्यात टोपणनाव दिलं होतं "नाभा". म्हणजे कोणी विचारलं तर सांगायचं, हिंदुस्थानातल्या नाभाच्या महाराजांची गाडी आहे. आणि हे पटण्यासारखंही होतं, लांबलचक रोल्स रॉयस म्हटल्यावर इंग्रज कामगाराच्या डोळ्यासमोर दुसरं येणार कोण! फक्त एवढंच की १९४८ च्या जुलैत नाभा संस्थान पतियाळा वगैरेंबरोबर पेप्सू या संघात जाऊन बसलं होतं. ऑर्डर आली तेव्हा ज्या महाराजांच्या नावावर गाडी लपवली त्यांचं राज्यच उरलं नव्हतं. कारखान्यात कोणाला हे माहीत होतं की नव्हतं कोण जाणे, बहुतेक कोणाला पडलेलीही नसेल.

बॉडी कोणाकडून करून घ्यायची हा पुढचा प्रश्न. त्या काळात रोल्स रॉयस या मोठ्या गाड्यांची फक्त चासी द्यायची, म्हणजे इंजिन, चाकं, रेडिएटर, डॅशबोर्ड, आणि बाकी सगळं कोचबिल्डरकडे, म्हणजे गाडीची बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे. नागड्या चासीवर ड्रायव्हर बसून ती लंडनला जायची. तिथे सांगाडा उभा राहायचा, त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून बसवायचे, मग रंगाचे थरावर थर, प्रत्येक थर घासायचा, मग आत लाकूड, कातडं, कापड. एका गाडीत महिनोन् महिने जायचे. लंडनमध्ये यातलं सर्वात राजेशाही नाव होतं हूपर. पण गोम अशी की हूपर १९४० पासून बीएसए या उद्योगसमूहाच्या मालकीची होती, आणि डेमलरही त्याच बीएसएची. म्हणजे डेमलरच्या घरातून वतन काढून घ्यायचं आणि त्या गाडीला बॉडी डेमलरच्याच भावाकडून घालायची, जरा अवघडच झालं असतं. पहिली गाडी गेली एच. जे. मुलिनर यांच्याकडे, चिझिकला. हे कारण कुठे लिहून ठेवलेलं नाही, माझा आपला तर्क, पण पुढच्या गाड्यांत मात्र हूपरला भरपूर काम मिळालं, तेव्हा अडचण हूपरच्या कामात नक्कीच नव्हती.

जुलै १९५० ला गाडी मिळाली. चासी नंबर ४ एएफ २. रंग गडद हिरवा. बोनेटवर रोल्स रॉयसची नेहमीची पंखवाली बाई होती तिच्या जागी नंतर राणीचा स्वतःचा मॅस्कॉट यायला लागला, घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज आणि खाली मेलेला ड्रॅगन. दुसऱ्या गाड्यांवर ती बाई होती पण गुडघे टेकलेली, उभी नाही. १९५२ ला एलिझाबेथ राणी झाली आणि गाडीला राजवाड्याचा ठरलेला काळा-मरून रंग लागला. २०१८ मध्ये मेगन मार्कल विंडसरला लग्नाला आली ती याच फँटम फोरमध्ये बसून, म्हणजे ६८ वर्षांनीही गाडी कामावर हजर.

एवढं झाल्यावर कंपनीपुढे प्रश्न आला, आता काय? गाडी तयार आहे, ड्रॉइंग तयार आहेत, इंजिन लष्करासाठी बनतंच आहे, आणि जगभर पैसेवाले लोक विचारणार की राणीची आहे तशी मला द्या. अमेरिकेत तर रांग लागली असती. इथे कंपनीने तो निर्णय घेतला ज्यासाठी हे प्रकरण लक्षात ठेवायचं, की ही गाडी राजघराणी आणि राष्ट्रप्रमुख सोडून कोणालाही द्यायची नाही. म्हणजे पैसे आहेत एवढ्यावर भागणार नाही.

यात मोठेपणा किती आणि हिशेब किती? मला विचाराल तर हिशेब बराच. एक तर क्रूला बेंटली आणि सिल्व्हर रेथ बनवायलाच माणसं आणि पोलाद पुरत नव्हतं, मोठी गाडी लाइनवर आणणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणं. दुसरं म्हणजे राजवाड्याला जे विकलं ते वर्षभरात हॉलिवूडच्या नटाकडे दिसलं असतं तर राजवाड्याला त्यात काय विशेष राहिलं असतं, आणि कंपनीला तर हे एक गिऱ्हाईक डेमलरकडून कायमचं आपल्याकडे ओढायचं होतं. सतरा गाड्यांत नफा झाला की तोटा हा प्रश्नच त्यामुळे फिजूल आहे, त्या गाड्यांचं काम वेगळंच होतं.

आणि बघा, त्याच वेळी डेमलर काय करत होती. कंपनीचे अध्यक्ष सर बर्नार्ड डॉकर, त्यांच्या पत्नी लेडी नोरा डॉकर. १९५१ च्या मोटार प्रदर्शनात या बाईंनी एक डेमलर उभी केली, तीच डीई ३६, तिच्या अंगावर हजारो सोन्याचे तारे चिकटवलेले आणि क्रोमच्या जागी सोन्याचा मुलामा. देशात लोक रेशनकार्डावर मटण आणतायत आणि ही गाडी! नंतर दरवर्षी असली एकेक गाडी निघायची, शेवटी १९५६ ला संचालकांनी डॉकर साहेबांना काढलं, १९६० ला बीएसएने डेमलर जॅग्वारला विकून टाकली. एकीकडे कंपनी सांगतेय आमची गाडी तुम्हाला मिळणार नाही, दुसरीकडे अध्यक्षांची बायको गाडीला सोनं लावून पेपरवाल्यांना बोलावतेय. राजवाड्याने कोणाकडे बघायचं हे मग सांगायला नको. तारे लावायच्या आधीच ऑर्डर फिरली होती हे खरं, पण परत येण्याची वाट या सोन्याने बुजवली असं मला वाटतं.

आता यादी. चासी नंबरच बघा, त्यात सगळी संख्या कळते. पहिली मालिका एएफ, तिच्यात फक्त सम आकडे, २ पासून २२ पर्यंत, म्हणजे अकरा गाड्या. दुसरी बीपी, तिच्यात विषम, १, ३, ५, ७, चार गाड्या. तिसरी सीएस, परत सम, २, ४, ६, तीन गाड्या. झाले अठरा.

४ एएफ ४ म्हणजे दुसऱ्याच नंबरची गाडी, तो आपला पिकअप. प्रयोगासाठीची चासी होती, पार्क वॉर्डने, जी तेव्हा रोल्स रॉयसच्याच मालकीची होती, तिच्यावर मागे उघडा हौदा असलेली बॉडी बसवली आणि ती कंपनीची सामानाची गाडी म्हणून फिरली. जगातल्या सर्वात दुर्मिळ फँटममधून पार्ट आणि पेट्या वाहिल्या. १९६३ ला ती मोडीत काढली. आज ठेवली असती तर तिची किंमत बाकीच्या सतराच्या वर गेली असती बहुतेक, संग्रह करणारे लोक असतातच तसे.

बाकीच्यांत ब्रिटिश राजघराण्यातली इतर मंडळी आहेत, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, राजकन्या मार्गारेट, हिच्या गाडीच्या बोनेटवर पंखवाला घोडा होता. हूपरने १९५४ ला केलेली एक लँडोलेट आहे, म्हणजे मागच्या सीटवरचं छप्पर उघडणारी, लोकांना राणी दिसावी म्हणून. ही कंपनीने स्वतःच्या नावावर ठेवली होती आणि लागेल तेव्हा राजवाड्याला द्यायची, १९५९ ला राजवाड्याने ती घेऊन टाकली.

परदेशातल्या गिऱ्हाइकांत मात्र नियमाचे खरे रंग दिसतात. इराणचा शहा, दोन गाड्या. पहिली १९५१ ची, उघड्या टपाची. हे तेच साल ज्यात इराणने ब्रिटिशांची तेल कंपनी राष्ट्रीय करून टाकली, अबादानच्या रिफायनरीतून इंग्रजांना बाहेर काढलं, ब्रिटनने इराणच्या तेलावर बहिष्कार टाकला. आणि क्रूचं बिल चालूच. कुवेतच्या शेखांना तीन गाड्या, १९५१ पासून १९५५ पर्यंत. कुवेतमधून तेलाची निर्यात सुरू झाली १९४६ ला आणि देश स्वतंत्र झाला १९६१ ला, तेव्हा राष्ट्रप्रमुख शब्द जरा ताणूनच घेतला होता. सौदीचे प्रिन्स तलाल तर राजेही नव्हते, राजाचे अनेक मुलगे त्यातले एक, त्यांची गाडी पॅरिसच्या फ्रॅने या कोचबिल्डरने केली, ब्रिटनबाहेर बॉडी बसलेली तेवढी एकच. इराकच्या दोन, १९५३, एक तरुण राजा फैसल दुसरा याची आणि दुसरी त्याचा मामा अब्दुल इला याची, जो तोपर्यंत राजाच्या नावाने कारभार बघत होता. फैसल त्याच वर्षी अठराचा होऊन गादीवर बसला. १४ जुलै १९५८ ला बगदादमध्ये लष्कराने उठाव केला आणि मामा-भाचे दोघांनाही मारलं.

आणि फ्रँको. स्पेनचा हुकूमशहा, १९४६ ला संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला होता की तिथून राजदूत परत बोलवा, १९५० च्या अखेरीस तो ठराव मागे घेतला. १९५२ ला फ्रँकोला तीन फँटम फोर मिळाल्या, दोन बंद लिमोझिन चिलखती, एक उघडी. राष्ट्रप्रमुख होता ना, नियमात बसतो. एवढ्या जड गाड्या त्या आठ सिलिंडरने ओढल्या हे त्या इंजिनाचं कौतुकच. गंमत म्हणजे या तिघी पुढेही कामावर राहिल्या. फ्रँको १९७५ ला गेला, गाड्या स्पेनच्या राजघराण्याच्या समारंभांना लागल्या, आणि १९ जून २०१४ ला फेलिपे सहावा राजा झाला तेव्हा माद्रिदच्या रस्त्यांवरून त्याच उघड्या फँटम फोरमध्ये उभा राहून हात हलवत गेला.

मराठी माणसाला यातली एक गाडी थोडी जवळची वाटेल, ४ एएफ २०, आगाखान तिसरे यांची, १९५२, हूपरची बॉडी, ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छप्पर काढता येईल अशी. आत डिक्टाफोन बसवला होता, म्हणजे जाताजाता पत्रं सांगायची सोय. पुण्यातला नगर रोडवरचा आगाखान पॅलेस १८९२ ला यांनीच बांधला, गांधीजी १९४२ ते ४४ तिथे स्थानबद्ध होते, महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. १९४६ ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर याच आगाखानांची हिऱ्यांनी तुला झाली होती. पण ते कुठल्या देशाचे राष्ट्रप्रमुख? कुठल्याच नाही. इस्माइली पंथाचे धर्मगुरू, हिज हायनेस हा किताब ब्रिटिशांनी दिलेला, लीग ऑफ नेशन्सचं अध्यक्षपद १९३७ ला भूषवलेलं, पण राज्य म्हणून बोटभर जमीन नाही. तरी गाडी मिळाली. त्यामुळे नियमात "राष्ट्रप्रमुख" लिहिलं असेल तरी वाचायचं "ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस".

आणि भारताला किती? शून्य. ज्या देशातल्या संस्थानिकांनी चाळीस वर्षं या कंपनीची मोठी गाडी पोसली, ज्याच्या एका महाराजाच्या नावामागे पहिली गाडी लपवली, तिथे एकही फँटम फोर आली नाही. संस्थानं गेली, १९४८ च्या मार्चमध्ये दख्खनची छोटी छोटी राज्यं मुंबई प्रांतात आली, १९४९ ला कोल्हापूर आणि बडोदा, तनखे सुरू झाले, आणि नेहरूंच्या सरकारला असल्या गाडीसाठी परकीय चलन द्यायचं काही कारणच नव्हतं. दहा-पंधरा वर्षं आधी ही गाडी निघाली असती तर सतरातल्या निम्म्या तरी बडोदा, म्हैसूर, हैदराबाद, ग्वाल्हेरकडे वळल्या असत्या.

जाताजाता चालवण्याबद्दल, कारण गाडी शेवटी कशासाठी होती ते त्यात आहे. मिरवणुकीत बाजूला घोडेस्वार असतात, घोडे चालत असतात, म्हणजे तासाला पाच-सहा किलोमीटर, आणि तास-तासभर. गाडीने गचका द्यायचा नाही, इंजिन तापायचं नाही, राणी उभी असेल तर हलायचं नाही. लांब क्रँकशाफ्टवर आठ सिलिंडर एकामागून एक फुटतात त्यामुळे ओढ तुटत नाही, एवढं काम इंजिनाने चोख केलं. पण गिअरबॉक्स होता चार गिअरचा, हाताने टाकायचा, आणि त्या वेगात क्लच सांभाळणं म्हणजे शोफरच्या डाव्या पायाची परीक्षाच. डेमलरला इथे फायदा होता, त्यांच्याकडे फ्लुइड फ्लायव्हील असायचं, तेलातून ओढ जायची, गाडी आपसूक सरकायची. रोल्स रॉयसने यावर उपाय केला तो अमेरिकेतून, जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकचं लायसन घेऊन बनवलेला ऑटोमॅटिक, तो नंतरच्या गाड्यांना आला आणि राणीच्या पहिल्या गाडीलाही नंतर तोच बसवला. शेवटच्या काही गाड्यांना इंजिनही मोठं मिळालं, बोअर पाव इंचाने वाढवून ६.५ लिटर, ते बी ८१. तेसुद्धा लष्कराच्या आणि बंबांच्या यादीतलंच.

१९५६ ला शहाची दुसरी गाडी गेली आणि फँटम फोर संपली. काही जाहीर समारंभ वगैरे नाही, ऑर्डर थांबल्या, तोपर्यंत क्रूमध्ये नवीन व्ही-आठ इंजिनाचं काम चालू झालं होतं. १९५९ ला ते घेऊन फँटम फाइव्ह आली, हीही मोठी, हीही राजवाड्यात गेली. हूपरने त्याच वर्षी बॉडी बनवायचं थांबवलं आणि एच. जे. मुलिनर रोल्स रॉयसने विकत घेतली, म्हणजे फँटम फोर ज्या हातांनी बनली तो धंदाच आवरला. आणि फाइव्हसाठी कंपनीने गिऱ्हाइकाची वंशावळ बघायचं सोडून दिलं. १९६८ पर्यंत पाचशेच्या वर विकल्या. त्यातली एक १९६५ ला जॉन लेननने घेतली आणि दोन वर्षांनी तिला पिवळा रंग देऊन वर फुलं आणि वेलबुट्टी काढून घेतली, आणि कंपनीने त्याचीही सर्व्हिसिंगची बिलं घेतलीच असतील.